ग्रँट-कोर्स रँच, डिअर लॉज: घर बघा, पण दिवस गोठ्यांकडे काढा

जनावरांचा डॉक्टर म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं हे रँच, म्हणजे गुरं पाळायचं मोठं ठिकाण, मी पर्यटकाच्या नजरेने पाहूच शकलो नाही. 1972 मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं, पण त्याचं नुसतं संग्रहालय केलेलं नाही. गाई-वासरं चरतात, घोडे कामाला आहेत, कुरणातलं गवत कापून साठवलं जातं. प्रवेश मोफत आहे.

बहुतेक लोक आधी घराकडे वळतात. रँचचा पहिला मालक जॉनी ग्रँट याने 1862 मध्ये बांधलेला लाकडी भाग आणि मागे 1890 ची विटांची वाढीव बाजू. आत पुढचा मालक कॉनराड कोर्स याची बायको ऑगस्टा हिने मांडलेला श्रीमंती संसार. आतून मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतं. छान आहे, पण मला त्याच्या मागच्या इमारती जास्त भावल्या.

ग्रँटचा धंदाच मुळात जनावरांची प्रकृती ओळखण्यावर उभा होता. पश्चिमेकडे ओरेगॉनच्या वाटेने वस्ती करायला निघालेल्या लोकांचे बैल थकून, खुर झिजून टेकीला यायचे. अशी दोन जनावरं घेऊन तो एक धडधाकट द्यायचा, आणि घेतलेली चारून पुन्हा उभी करायचा. 1866 मध्ये त्याने हे सगळं कॉनराड कोर्सला विकलं. कोर्स मूळचा जर्मन, सोन्याच्या खाणकामगारांना मांस पुरवणारा खाटीक. पुढे त्याची जनावरं चार राज्यांत आणि कॅनडात मिळून सुमारे 1 कोटी एकरांवर चरत होती. ही जमीन त्याच्या मालकीची नव्हती, मोकळी कुरणं होती.

मग आला 1886-87 चा हिवाळा. आधीच्या कोरड्या उन्हाळ्याने गवत खुरटलेलं, वर बर्फाचा कडक थर. खाली तोंड पोचेना आणि साठवलेली वैरण नाही. हजारो जनावरं उपाशी मेली. कोर्स सावरला तो ब्यूट या जवळच्या शहरातल्या एका बँकरने दिलेल्या 1 लाख डॉलरच्या कर्जावर. त्यानंतर कुंपण, गवताची लागवड आणि गंज्या यांना महत्त्व आलं. ही गोष्ट मनात ठेवून तिथला ‘बीव्हरस्लाइड’ पाहा: घसरगुंडीसारखा उंच तिरका लाकडी सांगाडा. घोड्यांनी दोर ओढला की गवताचा भारा त्यावरून वर चढतो आणि माथ्यावरून पलीकडे गंजीवर कोसळतो. मी त्याच्यापाशी बराच वेळ उभा होतो. औषधाने वाचलेल्यांपेक्षा वेळेवर मिळालेल्या वैरणीने वाचलेली जनावरं मी जास्त पाहिली आहेत.

लोहारशाळा चुकवू नका. ऐरणीवरचं काम जवळून दिसतं आणि प्रश्न विचारले तर माणसं मनापासून उत्तरं देतात. गड्यांच्या झोपायच्या खोल्या साध्या आहेत, पण मालकाच्या दिवाणखान्यानंतर लगेच पाहिल्या तर फरक मनाला लागतो. कोर्सचा नातू कॉन वॉरन याने हिअरफर्ड जातीच्या गुरांची पैदास केली, त्या काळातल्या इमारतीही तिथेच आहेत.

सावली कमी, चालणं भरपूर. महामार्ग जवळ असल्याने गाड्यांचा आवाज येत राहतो, ते मला खटकलं. टोपी, पाणी आणि शेणात गेले तरी चालतील असे बूट घ्या. उन्हाळ्यात जा, प्रात्यक्षिकं तेव्हा जास्त असतात. घराच्या फेरीची वेळ पोचल्याबरोबर विचारून घ्या, म्हणजे मधला वेळ कुरणाकडे मोकळा राहतो.