इंडक्शन हार्ड रॉडवर सीबीएन इन्सर्ट : काही महिन्यांच्या वापरानंतर

कुपवाड एमआयडीसीतील आमच्या शॉपमध्ये ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे आणि खोदाईच्या मशिनांचे हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीला येतात. गाळप हंगाम सुरू झाला की या कामाला उसंत नसते. वाकलेल्या रॉडच्या जागी नवा रॉड करायचा, तर इंडक्शन हार्ड केलेल्या (विजेच्या कॉइलने तापवून वरचा थर कडक केलेल्या), हार्ड क्रोम चढवलेल्या बारच्या टोकाला लेथवर आटे पाडावे लागतात आणि खरी कसोटी तिथेच लागते. वर काही मायक्रॉनचे क्रोम, त्याखाली दीड-दोन मिलिमीटर खोलीपर्यंत ५५ ते ६० एचआरसीचा (रॉकवेल कठीणपणाचे माप) कडक थर आणि आत साधे मध्यम कार्बनचे पोलाद, अशी या बारची रचना असते. साधा कार्बाइड इन्सर्ट (टूलवर बसवायचा कापणारा छोटा तुकडा) या थरावर फार टिकत नाही. टोक गॅसने तापवून नरम करण्याची जुनी पद्धत आहे. मात्र उष्णता पुढे सरकून जिथे सील घासते तिथले क्रोम बिघडण्याची भीती राहते.

म्हणून आम्ही सीबीएनची टिप ब्रेझ केलेला (झाळून बसवलेला), ०.८ मिमी नोज रेडियसचा (टोकाच्या गोलाईचा) इन्सर्ट वापरू लागलो. सीबीएन म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइड कठीणपणात हिऱ्याखालोखाल आहे आणि हिऱ्याचा कार्बन जसा तापलेल्या लोखंडात विरघळतो, तसा प्रकार याच्या बाबतीत होत नाही. ५० मिमीच्या बारला कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे १२० मीटर, म्हणजे साधारण ७६० आरपीएम, फीड (बारच्या एका फेऱ्यात टूल सरकते ते अंतर) ०.१ मिमी आणि खोली ०.२ ते ०.३ मिमी ठेवली, की काम सुरळीत चालते. कूलंट आम्ही पूर्ण बंद ठेवतो. कट लागताच बर (कापलेल्या धातूचा कीस) लालभडक होऊन निघते आणि बरीचशी उष्णता स्वतःबरोबर घेऊन जाते. जॉब मात्र त्या मानाने बेताचाच तापतो. ही बर हातावर उडाली तर चांगलेच भाजते, त्यामुळे गार्ड आणि चष्मा हवाच.

कडक थर संपल्याचे कानाला आणि डोळ्यांना लगेच कळते. करकरीत आवाज जड होतो आणि चुरा होऊन पडणारी बर लांब, निळसर वेटोळी होऊन निघू लागते. तिथे थांबून कार्बाइड लावावे, कारण नरम पोलादावर सीबीएन उलट लवकर झिजते. पुढचे टर्निंग आणि आटे कार्बाइडनेच उत्तम होतात.

किंमत कार्बाइडच्या कैक पट आहे, पण केवळ कडक थरापुरता वापरला तर तो पैसा वसूल होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. लेथमध्ये ढिलाई असेल तर मात्र घेऊ नये. स्लाइडची गिब (ढिलाई काढणारी पट्टी) सैल असो, टूल गरजेपेक्षा बाहेर काढलेले असो किंवा रिव्हॉल्व्हिंग सेंटरचे बेअरिंग वाजत असो, टिपची धार कंपनाने चटकन उडते. चावीचा गाळा (चावी बसवण्याची खाच) असलेल्या जुन्या रॉडवर कट तुटक लागतो. तिथे सीबीएनचे प्रमाण जास्त असलेली, धारेला चॅम्फर (तिरकी कड) असलेली ग्रेड मागून घ्यावी.

बार तोडण्यासाठी हा इन्सर्ट वापरू नये. बँडसॉचे दातही वरच्या थरावर घसरून बोथट होतात. आम्ही कटिंग व्हीलने भोवतीचा कडक थर तेवढा कापून घेतो आणि मधला नरम भाग बँडसॉवर तोडतो. क्रोम तापल्यावर निघणारा धूर फुप्फुसांना घातक असल्याने हे काम योग्य मास्क लावून, धूर बाहेर ओढणारा पंखा चालू ठेवूनच करावे.