कोटिंगच्या नावाखाली माझ्या गाडीचा रंग घासून गेला

आमची गाडी काळी आहे. काळ्या गाडीवर तिरपं ऊन पडलं की पुसण्याचे बारीक गोल ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. आठच महिन्यांच्या गाडीवर ते बघून जीव हळहळायचा. त्यातच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली: घरी येऊन सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा कडक, पारदर्शक संरक्षक थर), ९,५०० रुपये, तीन वर्षांची वॉरंटी. दुकानात याचे दुपटीहून जास्त सांगितले होते. मी लगेच फोन केला.

रविवारी सकाळी दोन मुलं आली. "काका, नऊ एच कोटिंग आहे, किल्ली घासली तरी ओरखडा उठणार नाही," असं मोठ्या खात्रीनं सांगितलं. ते साफ खोटं होतं. नऊ एच हे पेन्सिलीच्या टोकानं घेतलेल्या चाचणीचं माप असतं. खरं कोटिंगसुद्धा किल्ली थोपवत नाही.

त्यांनी एका बादलीत गाडी धुतली. क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवलाच नाही, त्यामुळे रंगात रुतलेले कण तसेच राहिले. त्यावरच लोकरीचं पॅड लावून पॉलिशचं मशीन जोरात फिरवलं, तेही उघड्या पार्किंगमध्ये, उन्हात. मग बिनलेबलच्या बाटलीतून काहीतरी फवारून पुसलं. साडेतीन तासांत काम आटोपलं. शेवटी बोनेटवर मगभर पाणी ओतून दाखवलं. पाण्याचे टपोरे मणी घरंगळत गेले. मी खूश झालो आणि तिथंच पैसे पाठवले.

त्या मगभर पाण्यातच सगळं उघडं पडलं होतं, फक्त मला ते तेव्हा वाचता आलं नाही. खरं कोटिंग ३० किंवा ५० मिलीच्या छोट्या बाटलीत येतं. ते पॅडवर थेंब थेंब घेऊन एकेका भागावर लावतात, थोड्या वेळानं पुसतात, आणि नंतर निदान एक दिवस गाडीला पाणी लागू देत नाहीत. लावून होताच पाणी ओतणारा माणूस कोटिंग लावत नसतो. मणी तर साध्या वॅक्सवरही तयार होतात.

तिसऱ्या धुण्याला मणी गेले, ओरखडे परत आले. त्यांनी ते काढलेच नव्हते, पॉलिशमधल्या तेलकट भरावाखाली झाकले होते. त्याहून वाईट म्हणजे बोनेटच्या कडेला बोटभर जागा निस्तेज, पांढुरकी दिसायला लागली. ओळखीच्या पेंटरनं रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी मोजायचं मीटर लावलं. मधे ११५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कडेला ७०. वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. "कडेला तो उरलाच नाही, दादा," तो म्हणाला. कडेवर रंग आधीच पातळ बसतो, म्हणून जाणकार मशीन लावण्याआधी तिथं चिकटपट्टी मारतात. माझ्या गाडीला एकही पट्टी लागली नव्हती.

फोन केला तर पहिल्यांदा "बघतो काका", नंतर नंबर बंद. वॉरंटी कार्डावर ना जीएसटी नंबर, ना बाटलीचा क्रमांक. पैसे गेलेलं यूपीआयचं नाव कार्डावरच्या नावाशी जुळत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार केली आहे. पण बिल मी घेतलंच नव्हतं, त्यामुळे हातात फक्त स्क्रीनशॉट आहे.

कुणाला हे काम करून घ्यायचंच असेल तर बंद बाटली आपल्यासमोर उघडायला लावा. पॉलिश झालं की कोटिंगआधी वीतभर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून बघा. भराव असेल तर ओरखडे तिथल्या तिथं वर येतात. चांगला कारागीर हे न सांगता स्वतःच करतो.

आणि आमच्या सोसायटीत ज्यांनी त्या मुलांकडून काम करून घेतलं, त्यांनी कडा तपासून घ्या. खालच्या मजल्यावरच्या काकांची गाडी पांढरी आहे, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पेंटरनं सहज मीटर लावलं, तर डिकीच्या कडेला आकडा माझ्यापेक्षाही कमी आला.