तिसरी-चौथीसाठी आधी काय घ्यावं: नकाशा की पृथ्वीगोल?

सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या, पैशांत एकच वस्तू बसणार असेल, तर पृथ्वीगोल घ्यायचा की जिल्ह्याचा मोठा नकाशा? जून उजाडला की हा विषय निघतोच. गोल टेबलावर शोभतो, तपासणीला आलेल्या साहेबांनाही दिसतो, म्हणून बहुतेक वेळा तोच घेतला जातो. मी मात्र तिसरीसाठी नकाशाच घेईन, आणि तो भिंतीला टांगणार नाही.

टांगलेल्या नकाशात उत्तर दिशा छताला जाऊन चिकटते. ‘उत्तर कुठे?’ म्हटलं की पोरं पंख्याकडे बोट करतात. हे हसण्यावारी नेऊ नका, खान्देशात याचा घोळ फार मोठा होतो. वर म्हणजे उंच आणि खाली म्हणजे उतार, असं एकदा डोक्यात बसलं की नदी नकाशात वरून खालीच यायला हवी. आपल्याकडे तर गिरणा आणि पांझरा शेवटी उत्तरेकडे वळून तापीला मिळतात. म्हणजे भिंतीवर त्या चक्क वर चढताना दिसतात. ‘सर, पाणी वर कसं जाईल?’ या प्रश्नात चूक पोराची नाही, खिळ्याची आहे.

तोच नकाशा फरशीवर पसरा आणि त्याची वरची कड सातपुड्याकडे करा. चोपडा, यावल, रावेरकडच्या शाळांना डोंगर दारातूनच दिसतो. चाळीसगावकडे उलट हिशोब: डोंगर दक्षिणेला, म्हणून नकाशाची खालची कड तिकडे. आता एका पोराला तापीच्या उगमाकडे, मुलताईच्या बाजूला, उगवतीला उभं करा आणि तापीच्या रेघेवरून चालत सुरतेच्या बाजूला, मावळतीला जाऊ द्या. जिल्ह्याच्या नकाशात ही दोन्ही टोकं मावत नाहीत, तिथे फरशीवर खडूने रेघ वाढवायची. ७२४ किलोमीटरची नदी पाच-सात पावलांत संपते, आणि नकाशाचं प्रमाण म्हणजे काय ते तिथेच समजवता येतं.

त्याआधी आठवडाभर नुसता खडू पुरतो. डस्टर कागदावर ठेवून कडेने रेघ मारायची, मग डस्टर उचलायचा. वरून पाहिलेली वस्तू अशी दिसते, हे पोरांना पहिल्यांदा इथे उमगतं. मग वर्ग, मग शाळेपासून पारापर्यंतचा रस्ता. विहिरीला काय खूण द्यायची आणि देवळाला काय, हे पोरांनाच ठरवू द्या. नकाशातल्या खुणांची सूची मग वेगळी शिकवावी लागत नाही.

पृथ्वीगोलाबद्दल माझी तक्रार एवढीच की तो या वयाला फार लांबचं दाखवतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२० किलोमीटर. नवापूर ते मुक्ताईनगर अख्खा खान्देश साधारण अर्ध्या सेंटिमीटरात आटोपतो. आपलं गाव सापडलं नाही की तिसरीतलं पोर गोल गरागरा फिरवत बसतं.

चौथी-पाचवीत मात्र गोलाला पर्याय नाही. दिवस-रात्र बॅटरीच्या उजेडात पाच मिनिटांत होते. जगाच्या काही सपाट नकाशांत ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. हे गोलाशिवाय पटत नाही. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, भोपाळच्याही थोडं वरून जातं, त्यामुळे वर्षातून दोनदा भरदुपारी आपली सावली पायाखाली येते. एकदा मेअखेरीस, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यात, तेव्हा आभाळ भरलेलं. उघडीप मिळालीच तर अंगणात काठी रोवा, हा धडा चुकवू नका.

हवा भरायचा गोलही मिळतो. तो झेलताना उजवी तर्जनी पाण्यावर पडली की जमिनीवर, याची नोंद ठेवायला लावा. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली असल्याचं पोरं स्वतःच मोजतात.

मोबाइलवरचा नकाशा गुरुजींनी स्वतःच्या तयारीसाठी वापरावा. दोन बोटांनी प्रमाण क्षणाक्षणाला बदलतं, नकाशाही फिरतो, आणि पोर निळ्या ठिपक्याच्या पलीकडे बघतच नाही.

गोल घ्यालच तेव्हा दुकानातच जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा पाहून घ्या. बाहेरच्या देशांतून आलेल्या काही गोलांवर ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे नसते, आणि असा गोल वर्गात ठेवता येत नाही.