डिझेल बाइकच्या रेसला २० किलोचा सर्व्हो: घ्यावा का?

घ्यावा. पण गाडी एकट्या त्याच्या भरवशावर सोडू नये.

सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून तिथेच थांबणारी छोटी मोटर. हा मेटल गिअरचा डिजिटल सर्व्हो, २० किलो-सेंमी पिळाच्या ताकदीचा, रोबोटच्या हाताला लावतात तोच. माझ्या बाइकला ४०६ सीसीचं एक सिलिंडरचं एअरकूल्ड डिझेल इंजिन आहे, यानमार एल१०० च्या मापाचं, ३६०० आरपीएमला संपणारं. मुठीपासून इंजिनापर्यंतची सलग केबल काढून मी मधे हॉल सेन्सरची मूठ (चुंबकाने पिळ ओळखून तेवढं व्होल्टेज देणारी), मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी चिप) आणि हा सर्व्हो घातला. कारण साधं होतं: रेसच्या लिव्हरची चाल इतकी तोकडी की मूठ जराशी पिळली तरी गाडी हिसका द्यायची. आता मुठीची पहिली अर्धी पिळ लिव्हरला पाव अंतरच नेते. गर्दीत, पहिल्या गिअरमध्ये हा फरक मनगटाला कळतो.

सर्व्होचं काम चोख आहे. कंट्रोलरकडून दर २० मिलिसेकंदांनी विजेची एक पल्स, १ ते २ मिलिसेकंद रुंदीची. जितकी रुंदी तितका कोन. वेगही पुरून उरतो, कारण डिझेलचा गव्हर्नरच, म्हणजे आरपीएम राखणारी आतली यंत्रणा, सावकाश असतो. पेट्रोल इंजिनासारखा बटरफ्लाय, म्हणजे हवा अडवणारी झडप, इथे नसतो. लिव्हर फक्त गव्हर्नरच्या स्प्रिंगला ताण देतो, म्हणजे आपण आरपीएम मागतो आणि डिझेल किती सोडायचं ते आतली फिरती वजनं ठरवतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये आरपीएम सांभाळणारा पीआयडी (फरक मोजून सतत दुरुस्ती करणारी पद्धत) लिहायच्या फंदात पडू नका. एका इंजिनावर दोन गव्हर्नर बसले की हंटिंग, म्हणजे आरपीएमचं सारखं वरखाली होणं, सुरू होतं. मूठ सांगेल त्या कोनात लिव्हर नेणं, बस, एवढंच सर्व्होकडून घ्या.

आता खोट. सर्व्होला नीट मरता येत नाही, म्हणजे बंद पडताना तो रेस सुरक्षित जागी सोडत नाही. कारच्या थ्रॉटल बॉडीत करंट गेला की स्प्रिंग झडप सुरक्षित जागी आणते. इथे गाडी स्टँडवर, इंजिन बंद, मूठ अर्धी पिळलेली, अशात सर्व्होची वायर उपटून पाहिली. लिव्हर जागचा हलला नाही. गिअरांचं घर्षणच इतकं की लिव्हरची परतीची स्प्रिंग त्याला मागे ओढू शकत नाही. चालत्या गाडीत याचा अर्थ रेस अडकणं, आणि डिझेलला स्पार्क नसल्यामुळे इग्निशन तोडून उपयोग शून्य.

म्हणून इंजिन बंद करणाऱ्या स्टॉप लिव्हरला सोलेनॉइड (विजेवर ओढणारं चुंबक) हवाच, करंट असेपर्यंत ‘चालू’ धरून ठेवणारा. करंट गेला की स्प्रिंग डिझेल तोडते. हँडलवरचा किल स्विच थेट त्याच्या वायरीत घाला, कंट्रोलरमधून फिरवून नव्हे. कंट्रोलरला त्याच वायरीत स्वतंत्र रिले (विजेवर चालणारा स्विच) द्या, म्हणजे गडबड दिसली की तोही सोलेनॉइड सोडू शकेल.

मुठीचं मात्र मनापासून कौतुक. ५ व्होल्ट दिले की बंद मुठीला साधारण ०.८ आणि पूर्ण पिळीला ४.२ व्होल्ट येतात. शून्य आलं तर वायर तुटली. ४.५ च्या वर गेलं तर बहुधा ग्राउंड सुटलं, आणि हीच चूक प्रोग्रॅमने पकडली नाही तर फुल रेस समजली जाते. दोन्ही वेळा माझा प्रोग्रॅम सोलेनॉइड सोडतो.

बसवताना सर्व्हो इंजिनावर ठोकू नका. एक सिलिंडरच्या थरथरीने त्याच्या आतलं कोन मोजणारं पोटेन्शिओमीटर आयडलच्या जागीच झिजतं आणि मग तो जागच्या जागी कुरकुरत बसतो. फ्रेमवर रबरी बुशात बसवून बोडन केबलने (ब्रेकसारखी, आवरणातून सरकणारी) लिव्हर ओढा. सप्लाय कंट्रोलरपेक्षा वेगळा द्या, ग्राउंड एकच ठेवा, नाहीतर सर्व्होने जोर लावला की व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलर रीसेट होतो.

३५ किलोवाला घ्यायचा मोह होतो, पण गरज नाही. माझ्या लिव्हरला २० मध्येच ताकद शिल्लक राहते, आणि मोठा सर्व्हो करंट जास्त खातो, वर स्टॉप स्क्रूवर आदळला तर ब्रॅकेट वाकवतो.