घराण्याचा शोध: मंडळीची वही, लंडनची नक्कल की मिशनरींची पत्रं?

पणजोबांचा बाप्तिस्मा कोल्हापूरला झाला की मुंबईला, एवढंच घरात कुणाला तरी पुसट आठवत असतं. पुढे शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करायची, असं मला नेहमी विचारलं जातं. आपल्याकडच्या जुन्या प्रेसबिटेरियन (हा एक प्रॉटेस्टंट पंथ) मंडळ्यांचे, म्हणजे स्थानिक चर्चचे, कागद मुख्यतः तीन ठिकाणी विखुरलेत: मंडळीच्या स्वतःच्या वह्या, लंडनला गेलेल्या नोंदींच्या नकला, आणि मिशनरींनी मायदेशी धाडलेली पत्रं. रजा आणि पैसा दोन्ही मोजके असतील तर आधी मंडळीच्या वह्या बघा. का, ते सांगते.

लंडनच्या नकलांचा मोह सगळ्यांना पडतो, कारण त्या घरबसल्या बघता येतात. कंपनीच्या आणि पुढे इंग्रज सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातले पाद्री बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला वर पाठवत. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. फाइंडमायपास्ट या वंशावळ शोधायच्या वेबसाइटवर पैसे भरून त्या नावानिशी शोधता येतात. काळा घोड्याजवळच्या 1819 च्या सेंट अँड्र्यूज चर्चसारख्या स्कॉटिश देवळात येणारे सैनिक, व्यापारी, अधिकारी शोधायचे असतील तर हे साधन उत्तम. पण त्यात मुख्यत्वे गोरे आणि अँग्लो-इंडियन लोक आहेत. मराठी ख्रिस्ती कुटुंब तिथे सापडलं तर ते नशीब समजायचं. न सापडलं म्हणून ‘आपली नोंदच झाली नव्हती’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. शिवाय ही नक्कल आहे. उतरवून घेणाऱ्याने नाव कानाला येईल तसं रोमनमध्ये लिहिलेलं असतं, तेव्हा आडनावाची चार-पाच स्पेलिंग्ज आधीच कागदावर मांडून बसा.

मिशनरींच्या पत्रांचं तसं नाही. त्यांत माणसं दिसतात. पण ती शोधायची तर मिशनचा इतिहास पाठ हवा, कारण एकाच माणसाची पत्रं निरनिराळ्या संस्थांच्या दप्तरांत जाऊन पडली आहेत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले ते स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे म्हणून. 1835 मध्ये ते चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेले आणि 1843 ला स्कॉटलंडात चर्च फुटलं तेव्हा त्यातून निघालेल्या फ्री चर्चमध्ये. ही बहुतेक दप्तरं आज एडिनबरोला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये एका छपराखाली आहेत, हे त्यातल्या त्यात बरं.

कोल्हापूरची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये तिथे गेले तेव्हा ते अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेचे मिशनरी होते. पुढे बोर्डाशी त्यांचं बिनसलं आणि बरीच वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम केलं. 1870 मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन बोर्डाकडे आलं. म्हणून सुरुवातीच्या वर्षांचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या होटन लायब्ररीत बघायचे आणि 1870 नंतरचे फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. हे मला आधी माहीत नव्हतं. 1850 च्या दशकातलं कुटुंब शोधायला मी फिलाडेल्फियाच्या याद्यांमध्ये तीन आठवडे घालवले. तुमचे ते वाचावेत.

पत्रांची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ती देणगीदारांना आणि समितीला उद्देशून लिहिलेली असत. ज्याचा बाप्तिस्मा गाजला तो माणूस पानोपानी येतो. 1839 च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि मामला मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेला. 1843 मध्ये नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने वडिलांच्या हवाली केलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. अशा प्रकरणांत मिशनचं पत्र ही एकच बाजू झाली. त्या वेळची वर्तमानपत्रं आणि कोर्टाचे कागद सोबत वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. आणि ज्याच्या बाप्तिस्म्याने कुठेच खळबळ उडाली नाही, त्या शेतकऱ्याचं, शिपायाचं, बायबल शिकवत फिरणाऱ्या बाईचं काय? त्यांचा उल्लेख पत्रात अनेकदा ‘आणखी पाच जण’ एवढाच.

त्या पाच जणांची नावं मंडळीच्या वहीत असतात. बाप्तिस्मा रजिस्टर सगळे मागतात, पण मी सेशनचं मिनिटबुक, म्हणजे त्याच्या बैठकांच्या नोंदींची वही, आधी मागते. प्रेसबिटेरियन पद्धतीत पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील (ज्येष्ठ कारभारी, इंग्रजीत ‘एल्डर’) मिळून सेशन होतं. सभासद कुणाला करून घ्यायचं, प्रभुभोजनापासून कुणाला काही काळ दूर ठेवायचं, गरिबाला किती मदत द्यायची, हे सगळं तिथे ठरतं आणि लिहून ठेवलं जातं. रजिस्टरमधून तारीख मिळते. त्या तारखेच्या पुढचं-मागचं आयुष्य मिनिटबुकात असतं.

माझ्या आजीचे वडील मला असेच सापडले. एका मंडळीच्या लोखंडी कपाटात, कसर लागलेल्या वहीत, त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मिरजेस गेला. पत्र दिले.’ एका मंडळीतून दुसरीत जाताना सभासदाला जे पत्र देतात ते हे. आमच्या घरात मिरजेचं नाव कुणी कधी काढलं नव्हतं. वर्ष जुळवून पाहिलं तर मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचं मिरजेचं हॉस्पिटल सुरू झाल्यानंतरची ती गोष्ट होती. मग त्यांचा माग मी हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालांतून काढला. ते दोन शब्द कुणी लिहून ठेवले नसते तर मी आजही कोल्हापुरातच शोधत बसले असते.

या वह्या बघायला मिळणं सोपं नाही. कुठे पाळक बदलले की किल्ल्या हरवतात, कुठे पावसात कपाट भिजलेलं असतं. मला एका ठिकाणी चौथ्या खेपेला वही मिळाली. आधी पत्र लिहा, रविवारी उपासनेला जा, वडीलधाऱ्यांना भेटा आणि घरातली एखादी जुनी वस्तू, फोटो, बायबल असं काहीतरी सोबत न्या. 1924 मध्ये आणि पुन्हा 1970 मध्ये मंडळ्या एकत्र आल्या, तेव्हा मंडळीचं आजचं नाव वेगळं असू शकतं. विचारताना जुनं नावही सांगा. फोटो काढायची परवानगी मिळाली तर फक्त आपलं पान नको, मागची-पुढची दहा पानं घ्या, कारण साक्षीदार म्हणून सही करणारा बऱ्याचदा मामा किंवा व्याही निघतो.

वही खरोखरच नष्ट झालेली असेल तर ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ बघा. विल्सन यांनी 1830 मध्ये सुरू केलेलं हे मासिक, त्याचे बरेच खंड गूगल बुक्सवर फुकट वाचता येतात. मुंबई आणि पुण्याच्या सुरुवातीच्या मंडळ्यांसाठी त्याचा उपयोग होतो, कोल्हापूरसाठी फारसा नाही. परदेशातल्या दप्तराला पैसे भरून पानं मागवायची ती त्यानंतर, आणि तेव्हाही वर्ष आणि मिशनरीचं नाव हाताशी असेल तरच.