किरकोळ अंगाला वजन: गेनरचा डबा, तालमीचा खुराक की शेंगदाण्याचा लाडू?

किरकोळ अंगाच्या माणसाला ‘चांगलं खात जा’ असं सांगून काही होत नाही. त्याची अडचण पोटाची असते. दीड भाकरीत ते भरतं, आणि दुपारी चार घास जास्त गेले की रात्री तेवढेच कमी जातात. म्हणून वजन वाढवायचं कुठलंही साधन निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: पुढच्या जेवणाचं ते काय करतं?

सांगली-साताऱ्याकडे साधारण तीन वाटा समोर येतात. जिममधून सुचवला जाणारा गेनरचा, म्हणजे दुधात घालून प्यायच्या वजनवाढीच्या पावडरीचा डबा, तालमीतला दूध-तूप-थंडाईचा खुराक आणि घरचे शेंगदाणे-गूळ. तिन्हींनी वजन वाढतं, हे आधीच मान्य करतो. रोजच्या खाण्याच्या वर ३०० ते ५०० कॅलरी सलग जात राहिल्या की महिन्याला एक ते दीड किलो वाढ धरायला हरकत नाही. प्रश्न फक्त ‘सलग’ या शब्दाचा आहे.

एक गोष्ट मात्र या तुलनेच्या बाहेरची. तुम्ही पहिल्यापासूनच बारीक आणि वजन वर्षानुवर्षं तेवढंच, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. पण काही न करता सहा महिन्यांत ५५ चे ५२ झाले असतील, तर आधी डॉक्टर गाठा आणि थायरॉइड, साखर, जंत बघून घ्या. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती टाळू नये.

आता डबा. मागच्या बाजूला घटक लिहिलेले असतात, जास्त प्रमाणातला आधी. बहुतेक गेनरमध्ये पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं निघतं. हा मक्यासारख्या स्टार्चपासून केलेला, साखरेइतक्याच भरभर रक्तात उतरणारा पदार्थ. १०० ग्रॅम पावडरीत ३८० च्या आसपास कॅलरी भरतात, म्हणजे ज्वारीच्या पिठापेक्षा थोड्या जास्त आणि शेंगदाण्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. डब्यावर प्रथिनांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण तो ‘एका मापाला’ असतो आणि ते माप १००-१५० ग्रॅमचं असतं. तो १०० ग्रॅमवर आणून बघितला की कित्येकदा १५ ते २० निघतो. शेंगदाण्यात २५ असतात.

तरी डब्याला एक मोठा फायदा आहे आणि तो नाकारणं बरोबर नाही. चावायचं काम नाही, मिनिटभरात पिऊन होतं. जेवायचा कंटाळा येणाऱ्या माणसाला हे फार सोपं पडतं. पहिल्या पंधरवड्यात काटाही झटकन हलतो, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. पिष्टमय खाणं वाढलं की स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टाचा राखीव साठा, वाढतो आणि तो सोबत पाणी धरून ठेवतो. पावडरीत क्रिएटिन (व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ते) असेल तर आणखी पाणी. डबा संपल्यावर जो दीड किलो ‘गेला’ म्हणून माणूस हळहळतो, त्यात बहुधा हाच भाग मोठा असतो.

माझ्यापुरता निकाल लावला तो दुसऱ्याच एका त्रासाने. संध्याकाळी व्यायाम करून साडेसहाला अर्धा लिटर दुधात या पावडरीचा शेक घ्यायचा आणि नऊला ताटावर बसायचं, तर भूक नावाला नसते. घट्ट, गोड, गार, अर्धा-पाऊण लिटरचा ऐवज पोटात बसलेला असतो. दुधातलं फॅट आणि प्रथिनं पोट सावकाश रिकामं होऊ देतात. भात राहतो, आमटी वाटीत तशीच निवते. हिशेब मांडून बघा. अर्ध्या मापाच्या शेकमधून ६०० कॅलरी आल्या. जेवणातून ३५० गेल्या. सकाळी पोट जड म्हणून पोह्यांची बशी अर्धी राहिली, तिथे १५०. हाती लागल्या १००. शिवाय गेलं काय, तर डाळ, भाजी, दही. आलं काय, तर माल्टोडेक्स्ट्रिन. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही, दणकट भुकेची माणसं दोन्ही पचवतात. पण दणकट भूक असती तर हा विषय तुम्ही वाचायला घेतला नसता.

घ्यायचाच असेल तर ५० ग्रॅमवर जाऊ नका, पाव लिटर दुधात, आणि पुढच्या जेवणाला तीन तास तरी असू द्या. डब्यावर अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर बघा. सुट्या पुड्यांतली, नाव-पत्ता नसलेली ‘वजनवाढीची आयुर्वेदिक पावडर’ मात्र अजिबात नको. अशा मालात डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा भूक वाढवणारं, झोप आणणारं सायप्रोहेप्टाडिन मिसळलेलं सापडतं. पंधरा दिवसांत चेहरा गोल दिसायला लागला की लोकांना तब्येत सुधारल्यासारखी वाटते. तसं कुणाचं झालंच असेल तर पुडी एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावं, कारण स्टेरॉइड अचानक तोडणं धोक्याचं असतं.

तालमीच्या खुराकाबद्दल आदर आहेच. हा मारुती माने यांच्या कवठेपिरानचा, १९५२ साली हेलसिंकीतून कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरचा मुलूख. रात्री भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडा कुंडीत घोटून केलेली थंडाई, दोन वेळचं दूध, वर तूप. २५ बदाम म्हणजे ३० ग्रॅम, १७५ कॅलरी, पोटाला जड नाही. पण हा खुराक शेकडो बैठका, जोर आणि तास-दोन तास लढत करणाऱ्याचा आहे. पहाटेच्या मेहनतीनंतर पैलवानाला हा खुराक ज्या भुकेने जातो, ती भूक दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याकडे नसते. नुसता खुराक उचलला आणि मेहनत सोडली, तर हातपाय काडीसारखेच राहतात आणि पोट पुढे येतं.

याचं एक लख्ख उदाहरण नोंदलेलं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आपल्याकडचा बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही. तेव्हा तिन्हींपैकी काहीही निवडा, आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम सोबत हवाच: वजन घेऊन बैठका, जोर, हातांनी वजन ओढायचा एखादा प्रकार, प्रत्येकी आठ ते बाराचे तीन फेरे. बारा सहज जमायला लागले की उचलायचं वजन वाढवायचं. जोडीला रोज पाच किलोमीटर पळणं या काळात बाजूला ठेवलेलं बरं.

राहिला लाडू. ५०० ग्रॅम शेंगदाणे, ३०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम तीळ, चार चहाचे चमचे तूप. एवढ्यात लिंबाएवढे २४ लाडू होतात. एका लाडवात १९५ च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. दोन लाडू म्हणजे दिवसाचा वरचा हिशेब जवळपास पुरा.

बिघडतं ते भाजण्यात. आच मोठी ठेवली की दाणा बाहेरून डागतो, आत कच्चा राहतो आणि असा लाडू लवकर खवट होतो. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं हलवत राहा. एक दाणा मोडून बघा, आत फिकट बदामी रंग सगळीकडे सारखा दिसला की उतरवा. पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरला लावले की तेल सुटून लगदा होतो. फडक्यात चोळून सालं पाखडा, मिक्सर थांबवत थांबवत पाच-सहा वेळा फिरवा, कूट रव्यापेक्षा जाडसर राहू द्या. चिरलेला मऊ गूळ आणि भाजलेले तीळ घालून आणखी एक-दोन फेरे, मग वितळलेलं तूप. गुळाचा पाक करायचा नाही. पाक जरा पुढे गेला की लाडू दगडासारखे होतात, आणि जो लाडू चावताना दाढ दुखते तो चौथ्या दिवशी डब्यात पडून राहतो. भाजण्याआधी दाणे निवडायला आळस नको. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा फेकून द्यावा. त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं, ते यकृताला घातक आणि भाजून पूर्ण जात नाही. कोरड्या घट्ट डब्यात पंधरा दिवस टिकतात. पावसाळ्यात निम्म्याच मापाचे करावेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लाडू कधी खायचा. जेवणाआधी नाही आणि मधल्या वेळेलाही नाही. जेवण उरकलं की लगेच, ताटावरून उठायच्या आधी. पोट भरल्यावरही गोडाच्या दोन घासांना जागा निघते, हे कुठल्याही पंगतीत दिसतं. शिवाय पुढचं जेवण चार-पाच तास लांब असतं, तोवर भूक पुन्हा तयार होते. शेकने जे बिघडवलं ते इथे होत नाही. दुपारी एक, रात्री एक. पहिला आठवडा मात्र एकच. एकदम दोन सुरू केले तर पोट गच्च होतं.

ज्यांना शेंगदाण्याने पित्त होतं, त्यांना हा मार्ग पहिल्या दिवसापासून मानवेल असं नाही. तीळ वगळून, अर्ध्या लाडवाने सुरुवात करून बघावी. तरीही जळजळ राहिली तर शेंगदाणे सोडावेत आणि तुपातला खजूर, तासगावचे बेदाणे असं काही बघावं. बेदाणे धुऊन घ्यावेत, मूठभर म्हणजे २० ग्रॅमला ६० कॅलरी. शेंगदाण्याची ॲलर्जी किंवा मधुमेह असणाऱ्यांनी अर्थातच दुसरी वाट धरावी.

शेंगदाण्याचा आणखी एक गुण: तो आहे त्या जेवणात लपतो. भाकरीवर दोन मोठे चमचे शेंगदाण्याची चटणी आणि वर चमचाभर तेल किंवा तूप, २०० कॅलरी वाढल्या आणि पोटाला कळलंही नाही. याउलट भडंग. चवीला तोड नाही, पण वाटीभर चुरमुरे १५ ग्रॅमही भरत नाहीत. संध्याकाळी ताटली भरून भडंग आणि दोन कप चहा झाला की पोट भरल्यासारखं वाटतं आणि पदरात फारसं काही पडत नाही. जेवणाआधीच्या तासाभरातला चहा बंद केला तरी कित्येकांची अर्धी भाकरी वाढते. तेवढ्यासाठी कुठलाही डबा लागत नाही.

पैशाचं फार लांबवत नाही. एका किलोच्या चांगल्या डब्याच्या किमतीत दोन-तीन महिन्यांचे शेंगदाणे-गूळ येतात, आणि पूर्ण मापाने तो डबा आठवडा-दहा दिवसांत संपतो.

डबा कुणाला बरा पडेल? विश्रामबागला होस्टेलवर राहून मेसमध्ये जेवणाऱ्या, भाजायला गॅस नसलेल्या मुलाला. कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला, ज्याचं जेवण वेळेवर होतच नाही, तिथे पहाटे पाव लिटर दुधातले ५० ग्रॅम काहीच नसण्यापेक्षा नक्की चांगले. तरी घरून पंधरा दिवसांचे लाडू येऊ शकत असतील तर मी त्यालाही आधी तेच सुचवेन.

वजन रोज बघू नये. पाणी, मीठ, पोट साफ असणं-नसणं एवढ्यावर काटा किलोभर इकडेतिकडे होतो. आठवड्यात तीन सकाळी, चहाच्या आधी, एकाच काट्यावर करावं आणि तिन्हींची सरासरी लिहून ठेवावी. सोबत कमरेचा घेर बेंबीवर मोजावा. सरासरी आठवड्याला २५० ते ४०० ग्रॅमने वर जात असेल तर काही बदलू नका. दोन आठवडे हलली नाही तर झोपताना पाव लिटर म्हशीचं दूध वाढवा, २६० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं. दुधाने गॅस होत असेल तर तेवढंच दही दुपारच्या जेवणात. वजनापेक्षा कंबरच भरभर वाढायला लागली तर मात्र रात्रीचा लाडू बंद करा, दुपारचा ठेवा आणि बैठकांचं वजन वाढवा.