होजिचा घ्यायचाय, पण कुठला?

सुट्टीत पुण्याला निघायच्या आधी घरच्या ग्रुपवर दरवेळी एक फर्माईश ठरलेली असते, "तो भाजलेला चहा आण गं." मी तोक्योत राहते, त्यामुळे आणणं अवघड नाही. पण कुठला आणायचा, यावर गाडी अडते. दुकानाच्या फळीवर होजिचा या एकाच नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू असतात. त्यातली आपल्याला न मानवणारी हाती लागली, की माणूस "हं, बरा आहे" म्हणतो आणि पाकीट फडताळात मागे सरकतं. माझ्या मामेबहिणीकडे असंच एक पाकीट हिंगाच्या डबीशेजारी वर्षभर पडून होतं. दिवाळीत उघडलं तर आमटीचा वास.

जपानीत होजिरु म्हणजे भाजणं आणि चा म्हणजे चहा. आपल्या गावाकडचा 'चा' आणि हा 'चा' मुळात एकच. शब्द दोघांकडेही चीनकडून आला. आधी वाफवून वाळवलेला हिरवा चहा मग साधारण 200 अंशांवर भाजतात. हिरवेपणा आणि बराचसा तुरटपणा जातो, रंग तपकिरी होतो. भाजलेल्या दाण्यांना आणि कॉफीला जो खमंगपणा येतो, त्यामागची पायराझिन नावाची संयुगं इथेही तयार होतात. म्हणून ग्रीन टी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यालाही पहिल्याच वासाला भाजणीची आठवण येते. आजच्या रूपातला होजिचा 1920 च्या दशकात क्योतोत रुळला, असं मानतात.

आता निवड. खरा सामना पानांचा होजिचा आणि काड्यांचा होजिचा यांच्यात आहे.

पानांचा बहुतेकदा बान्चापासून करतात, म्हणजे उशिराच्या तोडणीची जून, रुंद पानं. काही ठिकाणी सेंचा, म्हणजे जपानचा नेहमीचा हिरवा चहा, तोही भाजतात. काड्यांचा म्हणजे चहाची पानं निवडताना बाजूला काढलेले देठ. कानाझावा शहर या काड्यांच्या चहासाठी प्रसिद्ध आहे. तिथे त्याला कागा बोचा म्हणतात. कागा हे त्या भागाचं जुनं नाव, बो म्हणजे काडी. 1983 मध्ये सम्राट शोवा (म्हणजे हिरोहितो) कानाझावाच्या इशिकावा प्रांतात आले, तेव्हा तिथल्या मारुहाची या चहावाल्यांनी पहिल्या तोडणीचे देठ हलके भाजून त्यांच्यासाठी चहा केला. तो आजही 'सम्राटांना अर्पण केलेला' अशा अर्थाच्या नावाने विकला जातो. उरलेल्या देठांचं नशीब कसं उघडेल, सांगता येत नाही.

दोन्ही शेजारी शेजारी करून बघितले. प्रत्येकी 3 ग्रॅम, दीडशे मिली उकळतं पाणी, तीस सेकंद. पानांच्या कपात रंग झटकन उतरला, वास थेट आणि शेवटी जिभेवर किंचित करपट धार. काड्यांच्या कपात रंग मधासारखा. घोट साधाच लागला, पण गिळल्यावर मागून गोडसरपणा आला आणि बराच वेळ राहिला. दुसऱ्या पाण्याला पानांचा दमला, काड्यांचा अजून उभा होता. तळलेलं, मसालेदार जेवण झाल्यावर मला पानांचाच बरा वाटतो, तोंड स्वच्छ होतं. पण बिनदुधाचा चहा आयुष्यात न प्यायलेल्या माणसाला पहिल्यांदा द्यायचा असेल, तर डोळे मिटून काड्यांचा घ्या. तो थोडा महाग पडतो, पडू दे.

मोजताना एक लक्षात ठेवा. भाजल्यामुळे हा चहा फार हलका होतो. आपल्या चहा पावडरीच्या सवयीने एक छोटा चमचा टाकाल, तर नुसतं रंगीत पाणी मिळेल. कपाला मोठे दोन चमचे तरी लागतात. पाणी मात्र बिनधास्त उकळतं घ्या, सेंचासारखं थंड करत बसायला नको.

तिसरा प्रकार क्योबान्चा. क्योतोकडची, न वळलेली, वाळक्या पाचोळ्यासारखी दिसणारी मोठी पानं आणि डहाळ्या, भरपूर भाजलेल्या. पाकीट उघडलं की शेकोटीचा वास येतो, आणि तो घरभर राहतो. क्योतोच्या घरांतून हा रोजचा चहा आहे. किटलीत मूठभर टाकून ठेवतात. ज्याला चुलीवरच्या धुरकट चहाची आठवण येते त्याने जरूर घ्यावा, पण भेट म्हणून कुणाला देऊ नका. माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "काही जळतंय का?"

आणि पूड. हल्ली सगळ्यांना हीच हवी असते, कारण कॅफेत होजिचा लाटे प्यायलेला असतो. ही पूड पाण्यात विरघळत नाही, फक्त तरंगते आणि मग तळाशी बसते. एक छोटा चमचा पूड चाळून, दोन-तीन चमचे गरम पाण्यात गुठळी न राहता फेटायची, वर गरम दूध. छान लागतं. पण नुसत्या दुधाच्या चहासाठी पुडीचे पैसे घालवू नका असं मी म्हणेन. पानांचाच होजिचा सढळ हाताने पाण्यात दोन मिनिटं उकळा, दूध घाला, गाळा. आपल्याला येतं ते. थोडा गूळ चालतो. आलं-वेलची घातली तर भाजणीचा वास हरवतो. केक, आइस्क्रीम, खीर करायची असेल तर मात्र पूडच हवी. घेताना घटकांची यादी वाचा. पहिलं नाव साखरेचं असेल तर ते लाटेचं तयार मिश्रण आहे, चहा नव्हे.

टी बॅग ऑफिससाठी ठीक.

"यात कॅफिन नसतं ना?" हा प्रश्न हमखास येतो. असतं. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात तयार होजिचाच्या 100 मिलीत 20 मिलिग्रॅम कॅफिन दिलंय, सेंचातही तितकंच. काळ्या चहात 30, कॉफीत 60. बान्चात 10. म्हणजे रात्री कॉफीपेक्षा बरा, पण 'झोपेचा चहा' म्हणून कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. पुडीत तर अख्खं पानच पोटात जातं.

भारतात मागवताना मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून मोहात पडू नका. खमंगपणा हीच या चहाची सगळी मिळकत आणि तीच आधी उडते. पन्नास-शंभर ग्रॅम घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, मसाल्यांपासून लांब, आणि उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा.

घरात कुणीतरी दिलेला जुना जपानी ग्रीन टी पडून असेल, तर आधी तो भाजून बघा. इथे त्यासाठी होरोकु नावाचं, दांडा असलेलं मातीचं भांडं मिळतं. आपली कोरडी लोखंडी कढई चालते, फक्त तिला फोडणीचा वास नको. मंद आच, मूठभर पानं, हात सतत हलता. पहिल्या मिनिटाला गवताचा वास येतो, मग काही काळ काहीच नाही, आणि मग अचानक दाणे भाजल्यासारखा. कडा तपकिरी झाल्या की लगेच ताटात काढा, कारण कढईच्या उष्णतेने पानं पुढेही भाजत राहतात. मामेबहिणीच्या हिंगाळलेल्या पाकिटावर मी हाच प्रयोग केला. चहा झाला चांगला. हिंग मात्र तसाच राहिला.